डिस्पोजलचा माल

ऑगस्ट १९४५मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा हिंदुस्थानातली लष्करी गोदामं आणखी बराच काळ चालणाऱ्या लढाईसाठी भरलेली होती. ब्रह्मदेश हाती आला होता आणि पुढे मलायात उतरायचं ठरलं होतं. पंचवीस लाखांच्या फौजेला लागणारे तंबू, गरम कोट, ब्लँकेटं, बूट, पाण्याच्या बाटल्या, दोरखंड, कुदळी-फावडी, वायरलेस संच, ट्रक आणि जीप यांच्या थप्प्या डेपोडेपोतून लागल्या होत्या. शिवाय चीनच्या आघाडीसाठी आलेल्या अमेरिकनांचा माल वेगळाच. युद्ध अचानक थांबलं आणि या सगळ्या मालाला धनी उरला नाही.

सरकारला याचा अंदाज आधीच आला होता. १९४४मध्येच दिल्लीत डिस्पोजल्सचं स्वतंत्र महासंचालनालय उघडलं होतं. १६ मे १९४६ रोजी अमेरिकेशी हिशेबाचा करार झाला आणि अमेरिकनांनी मागे ठेवलेल्या मालापैकीही पुष्कळसा माल विक्रीला निघाला. आधी सरकारी खात्यांनी हवं ते उचलायचं, उरलेलं लिलावात काढायचं, अशी रीत होती. माल ‘जसा आहे तसा, जिथे आहे तिथे’ विकला जाई. त्यातून जे बाजारात आलं त्याला वऱ्हाडात डिस्पोजलचा माल म्हणू लागले, आणि हे नाव पुढे पन्नास वर्षं टिकलं.

हा माल विकणारी दुकानं वऱ्हाडातल्या मूर्तिजापुरातही होती. मूर्तिजापूरचं यात काय, असं कोणी विचारेल. इथे छावणी नव्हती, डेपो नव्हता. पण नकाशा काढून मुंबई-नागपूर लोहमार्गावर बोट फिरवावं. नाशिकजवळ देवळालीची छावणी. पुढे भुसावळ, जिथे १९४९मध्ये दारूगोळ्याच्या खात्याचा कारखाना उभा राहिला. पूर्वेला वर्धा जिल्ह्यात पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो. त्याच्याही पुढे नागपूर आणि नागपूरला लागून कामठी, म्हणजे १८२१पासूनची छावणी. हा मार्ग १८६७मध्ये नागपूरला पोचला तो कापसासाठी, पण फौजेलाही तोच सोयीचा पडला. मूर्तिजापूर या सगळ्यांच्या मध्ये येतं. शिवाय ते जंक्शन. एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ, दोन्हीकडे जाणारी किलिक निक्सन कंपनीच्या काळातली अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे. कामठीच्या किंवा मुंबईच्या लिलावात सुटलेला माल मूर्तिजापुरात उतरला की दारव्ह्यापासून अंजनगावपर्यंतच्या बाजारांत पोचायला वेळ लागत नसे.

तसा लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचा वऱ्हाडाशी संबंध फार जुना आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत आर्थर वेलस्लीने मराठ्यांच्या ३८ तोफा घेतल्या आणि पंधरवड्याने गाविलगड पडला. जिंकलेला माल लिलावात काढून पैसा शिपायांत वाटायचा, ही त्या काळच्या इंग्रज फौजेची पद्धत होती. पुढे हैदराबाद कंटिंजंटची तुकडी परतवाड्याला राहिली. १८९३मध्ये ती हलली आणि मागे राहिलेल्या छावणीतून आजचं परतवाडा वाढलं. फौज गेल्यावर तिच्या मागे बाजार उरतो, हे इथल्या माणसाने आधीही पाहिलेलं होतं. अमेरिकेत हाच धंदा फ्रान्सिस बॅनरमन नावाच्या माणसाने १८६५पासून केला. १८९८च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर त्याने जिंकलेल्या शस्त्रांचा इतका मोठा साठा घेतला की तो ठेवायला हडसन नदीतलं एक बेट विकत घ्यावं लागलं. आपल्याकडे बेट घेणारा कोणी निघाला नाही. आपल्याकडचा व्यापारी हातगाडीवर आणि आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून बसणारा.

हा धंदा चालायचा कसा, ते सांगायला हवं. लिलावात माल एकेक नग मिळत नसे, लॉटने मिळे. एका लॉटमध्ये पाचशे कोट असले तर त्यांच्याच खाली सडलेले पट्टे, एका पायाचे बूट आणि मोडक्या चुली असत. अनामत भरायची, बोली बोलायची, लॉट सुटला की ठरल्या मुदतीत उचलायचा. कंडम झालेल्या मालावर तसा शिक्का असे. मोठा व्यापारी लॉट फोडून प्रतवारी करी. धडधाकट माल मुंबईत आणि नागपुरात खपे. ज्याला एखादं भोक पडलंय, ज्याचं एखादं बटण गेलंय, असा माल तालुक्याच्या गावांकडे येई. म्हणजे मूर्तिजापुरात जे दुकान होतं ते या साखळीचं शेवटचं कडं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी या धंद्याला आणखी हात दिले. ती माणसं स्वतःच लष्कराने सोडलेल्या जागेत राहून आलेली होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना ठेवलं आणि ऑगस्ट १९४९मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प ही नावं त्याच काळातली. ज्यांच्याजवळ दुकानाची पागडी द्यायला पैसा नव्हता, त्यांना लॉटमधला चौथा हिस्सा उधारीवर घेऊन बाजारात बसता येत होतं.

आणि गिऱ्हाईक तयारच होतं. ते का, हे समजून घेतल्याशिवाय या दुकानांची गोष्ट पुरी होत नाही.

युद्धात गिरण्यांचं कापड मोठ्या प्रमाणावर फौजेकडे वळलं आणि भाव चढले. १९४३मध्ये कापडावर नियंत्रण आलं. १९४८च्या सुरुवातीला ते उठवलं, भाव पुन्हा भडकले आणि त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. वऱ्हाडात शेतोशेती पांढरं सोनं फुटत होतं, जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी बांधून वॅगनी भरत होत्या, आणि तो कापूस वेचणाऱ्या बाईला लुगडं मिळत नव्हतं. याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन ते फिरले, आणि ती गोधडी पाहून वऱ्हाडातल्या माणसाला परकं काहीच वाटलं नाही, कारण घरोघरी तेच नेसत होते. अशा मुलखात धारीवालच्या किंवा कानपूरच्या लाल इमलीच्या लोकरी गिरणीतलं अस्सल लोकरीचं ब्लँकेट सालदाराच्या ऐपतीत आलं, तर ते काय वाटलं असेल!

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतकऱ्याकडे राबणारा गडी. त्याच्या कामातलं सर्वांत कठीण काम जागलीचं. ज्वारी निसवली की रात्री रानडुकरं आणि रोही येतात, म्हणून कार्तिकापासून माळ्यावर जागावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळा जितका कडक तितकीच पौष-माघाची रात्र बोचरी. घोंगडं असे, पण ते अंगावर धरून गोफण फिरवता येत नाही. मिलिटरीचा कोट आला आणि जागल्याचे दोन्ही हात मोकळे झाले. गुडघ्याच्या खाली उतरणारा, कॉलर उभी केली की कान झाकणारा, आतून अस्तर लावलेला, दव पडलं तरी लवकर न भिजणारा. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या गावात असे कोट घालणारी म्हातारी माणसं होती. त्या कोटाच्या खिशात एकीकडे चंची आणि दुसरीकडे भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा असत. कोट कुणाच्या अंगावर आहे त्यावरून अंधारातही माणूस ओळखू येई, कारण दोन कोटांचं ठिगळ कधी एकसारखं नसे.

मूर्तिजापूरचे दोन भाग आहेत, जुनी वस्ती आणि स्टेशन विभाग. हा माल विकणारी माणसं मी पाहिली ती स्टेशनाच्या बाजूला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दारातच नाकाला वास यायचा, लोकरीचा, डांबरगोळ्यांचा, कॅनव्हासला लावलेल्या मेणाचा आणि लोखंडाला फासलेल्या ग्रीसचा. वर आढ्याला हेल्मेटं टांगलेली, खाली बुटांचा ढीग, आणि जोडी ज्याने त्याने स्वतः शोधायची. त्या बुटांच्या तळव्याला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. कापसाच्या शेतात पळाट्या उपटताना पायात खुंट घुसतात, तिथे या बुटांसारखा रक्षणकर्ता नव्हता. पण काळ्या मातीत पाऊस झाल्यावर तेच बूट दोन-दोन शेर चिखल उचलत, म्हणून पावसाळ्यात ते आढ्याला आणि उन्हाळ्यात पायात.

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची बोलणी अजून कानात आहेत.

“कितीले देता बापू?”

“आधी हातात तं घे. वजन पाय.”

“वजन पायलं. भोक बी पायलं.”

“भोक शिवता येते भाऊ. असं कापड कोनाले इनता येईन का, थे सांग.”

घासाघीस चाले ती अशी, कापड हातात धरून. गिऱ्हाईक कोट उलटा करून अस्तराची शिवण ओढून बघे, बोटांनी लोकर चुरगाळे, कोपऱ्यातला एखादा धागा काढून काडीने पेटवून त्याचा वास घेई. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. सुती असेल तर कागदासारखं जळतं. ज्या माणसाला अक्षरओळख नव्हती तोही बाणाची खूण ओळखत होता. इंग्रजी अमलातल्या सरकारी मालावर तो बाण उमटवलेला असे, आणि बाण असला म्हणजे माल कारकुनाने, मग तपासनिसाने, मग फौजेने पारखून घेतलेला, एवढं त्याला कळत होतं. मला या दुकानांबद्दल जिव्हाळा वाटतो तो इथे. फौजेसाठी वस्तू करताना ती किती दिवस टिकू नये, याचा विचार कुणी केलेला नसतो. त्या वस्तूत जितकं पितळ, जितकी लोकर, जितके टाके पडायला हवेत तितके पडतात, कारण तिच्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. असा माल गरीब माणसाला एरवी कधीच परवडला नसता. लढाई संपली म्हणून तो त्याच्या हाती लागला.

ताडपत्री हा त्यातला सर्वांत मोलाचा माल. दिवाळीनंतर कापूस बंड्यांत भरून जिनकडे निघे. बंड्यांची रांग रात्रभर फाटकापाशी उभी राही आणि अवकाळी शिंतोडा आला तर शेतकऱ्याचं वर्ष जाई, कारण भिजलेल्या कापसाचा भाव पडतो. जाड कॅनव्हासची, पितळी कड्या बसवलेली, चार माणसांनी उचलावी लागणारी मिलिटरीची ताडपत्री ज्याच्या बंडीवर असे, त्याला त्या रात्री झोप लागे. एका ताडपत्रीत तीन-तीन घरं भागीदार असत. खळ्यावर तीच, लग्नाच्या मांडवावर तीच. तंबू तर फाडूनच विकले जात. त्यांच्या भिंतीच्या पट्ट्यांतून दुकानांच्या सावल्या झाल्या आणि शाळेच्या पोरांची दप्तरंही झाली. विषारी वायूच्या मुखवट्यासाठी केलेली खाकी पिशवीही दप्तर म्हणून खपे. तिच्या आतल्या कप्प्यात शाईची दौत नेमकी उभी राही.

मूर्तिजापूर खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी खारट, गोड पाणी लांबून आणायचं. म्हणून या भागात जेरीकॅनला जी किंमत होती ती दुसरीकडे क्वचित असेल. वीस लिटरचा हा डबा मूळ जर्मन फौजेने १९३७च्या सुमारास तयार केला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांच्या हाती तो लागला, त्यांनी आपले गळके पत्र्याचे डबे टाकून याची नक्कल केली आणि नावही शत्रूवरूनच ठेवलं. वर तीन दांड्या असतात, त्यामुळे रिकामे डबे एका हातात दोन धरता येतात आणि भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो. पेट्रोलचा वास जाईपर्यंत राख आणि चिंच लावून तो घासायचा, उन्हात उपडा ठेवायचा, मग बैलगाडीत टाकून नदीकाठच्या झिऱ्यावर न्यायचा. जर्मनीतल्या कुणा इंजिनिअरने बेतलेल्या दांडीला धरून वऱ्हाडातल्या सासू-सुनांनी पाणी वाहिलं.

गाड्यांची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. १९४६-४७नंतर वऱ्हाडाच्या रस्त्यांवर जे मालट्रक दिसू लागले त्यांतले कितीतरी फोर्ड, शेवरोले, जीएमसी असे फौजेतून सुटलेले. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला. सुटे भाग मिळत नसत, म्हणून दोन कंडम गाड्यांतून एक चालती करायची. या गरजेतूनच तालुक्याच्या गावांना मिस्त्री मिळाले. हँडल मारून इंजिन उठवणारा, आवाजावरून कोणता वॉल्व्ह बसलाय ते सांगणारा मिस्त्री कुठल्या शाळेत शिकला नव्हता, डिस्पोजलच्या ट्रकवर शिकला होता. जीपचं कौतुक आणखी वेगळं. पावसाळ्यात पांदण रस्त्यात बैलही पोटापर्यंत रुततो. चारही चाकांना जोर असलेली जीप तिथून निघाली, हे पाहिलेली माणसं ते वर्षानुवर्षं सांगत. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली तेव्हा तिची जाहिरात या जुन्या जीपांनी गावोगाव आधीच करून ठेवली होती.

नव्या देशानेही याच मालावर संसार मांडला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाकसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव तळावर भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ती डाकोटा विमानं, युद्धातून उरलेली. मुंबईहून नागपूरची सरळ वाट वऱ्हाडावरून जाते. म्हणजे डिस्पोजलचा कोट घालून माळ्यावर बसलेल्या जागल्याच्या डोक्यावरून डिस्पोजलचं विमान जात होतं. कानपूरला तर मोडून टाकलेल्या लिबरेटर बाँबफेकी विमानांचा ढीग होता, कुणाला पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नासवलेल्या. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यांतून चाळीसच्या आसपास विमानं उडती केली आणि हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. मूर्तिजापूरच्या मिस्त्रीने दोन ट्रकांचा एक केला आणि बंगळूरने हे केलं, दोन्हींमागची हिकमत एकच. प्रत्येक सौदा असा फळला नाही. १९४८मध्ये लंडनच्या उच्चायुक्तालयाने फौजेसाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार केला. १५५ जीप येऊन पोचल्या, फौजेने त्या नापास केल्या आणि संसदेत वर्षानुवर्षं वाद चालला.

महायुद्धाचा साठा साठच्या दशकापर्यंत सरत आला. तोवर १९६२चं युद्ध झालं. हिमालयात आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, हे देशाला फार मोठी किंमत देऊन कळलं. त्यानंतर फौज वाढली, भंडारा, वरणगाव, अंबाझरी असे कारखाने विदर्भ-खानदेशात उभे राहिले, आणि १९६५, १९७१नंतर दुकानांतला माल बदलला. खाकी जाऊन ऑलिव्ह हिरवा आला. जबलपूरच्या कारखान्यातले शक्तिमान ट्रक आणि जोंगा लिलावात सुटू लागले. फौजेची बुलेट घेणं हे तर तालुक्यातल्या तरुणांचं स्वप्न होतं. हिरव्या रंगावर काळा रंग मारलेला असे, पण टाकी जरा खरवडली की खालचा हिरवा दिसे, आणि मालक तो मुद्दाम दाखवी.

या धंद्याची एक काळी बाजूही वऱ्हाड-विदर्भाने पाहिली आहे. पुलगाव डेपोतला निकामी दारूगोळा जवळच्या माळावर नेऊन फोडतात. उडालेलं तांबं-पितळ-लोखंड गोळा करणं हा आसपासच्या गरीब माणसांचा पोटापाण्याचा मार्ग झाला होता. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळ असा माल उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले, त्यांत भोवतालच्या गावांतले मजूर होते. कोटाच्या आणि जेरीकॅनच्या आठवणी काढताना त्या मजुरांना विसरणं मला जमत नाही. फौजेने टाकलेल्या वस्तूत जगण्याचा आधार शोधणारी ती माणसं जागल्याच्याच घरची होती.

दुकानं एकाएकी बंद पडली नाहीत. आधी प्लास्टिकची ताडपत्री आली. ती हलकी, स्वस्त आणि एकट्याने उचलता येणारी. दोन हंगामांत फाटते, पण दुसरी घेता येते. ऐंशीच्या दशकात बाजारात नायलॉन-पॉलिएस्टरची जॅकेटं आली. जड लोकरी कोट तरुणांना म्हाताऱ्यांचा वाटू लागला. मग लिलावाची रीतच बदलली. सरकारी भंगार विकण्याचं काम एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संगणकावरच्या लिलावांकडे गेलं, आणि ज्या डिस्पोजल्स खात्याच्या नावाने हा माल ओळखला गेला त्याचा वारसा चालवणारं पुरवठा व निपटारा महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी कायमचं बंद झालं. जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाल्यावर लष्कराने दुकानदारांना फौजेसारखे कपडे विकू नका आणि लोकांना घालू नका असं बजावलं. हल्लेखोर फौजी वेशात आले होते, तेव्हा ते रास्तच होतं. जानेवारी २०२२मध्ये नवा ठिपक्यांचा गणवेश आला. त्याच्या नमुन्याची मालकी लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली, म्हणजे त्याची नक्कल विकायलाही आता वाट नाही.

स्टेशन विभागातल्या त्या खोलीत पुढे मोबाईलचं दुकान आलं. शकुंतलाही थांबली. जागल मात्र संपलेली नाही. रानडुकरं आणि रोही पूर्वीपेक्षा वाढलेत, धुऱ्यावर झटका मशीनची तार लागली आहे, तरी तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दिवसांत माणूस रात्री शेतात जातोच. त्याच्या अंगावर असतं ते पातळ पॉलिएस्टरचं जॅकेट, हिरवे-तपकिरी ठिपके छापलेलं, फौजेशी काहीही नातं नसलेलं. फौजेचा खरा माल आजही विकला जातो. त्याचे लॉट संगणकावर दिसतात, टनांच्या हिशेबात, नोंदणी आणि अनामत भरलेल्या मोठ्या खरेदीदारासाठी. तिथून तो भट्टीकडे किंवा धागा पिंजणाऱ्या कारखान्याकडे जातो. हातात घेऊन, अस्तर ओढून, वजन पाहून एक कोट विकत घ्यायची सोय तिथे नाही.